पाहुण्यांसाठी धुतलेला हौद

...आणि वर मलाच विचारतात, बा जिलाली, केस पांढरे झाले तुमचे, आणि एवढंही कळलं नाही? आता काय सांगू. तुम्ही बसलाच आहात तर तुम्हीच ऐका आणि तुम्हीच सांगा. तुमच्या दारी पाहुणे यायचेत, थेट राजधानीतून, कोट घालून, आणि तुमच्या घरातली सगळ्यात घाण वस्तू बघायलाच यायचेत, तर तुम्ही ती तशीच ठेवाल? खरं सांगा. पाहुण्यापुढे घाण ठेवायची कशी?

तुम्हाला सांगतो, बावन्न वर्षं मी कातडं कमवायच्या हौदात उभा आहे, मांड्यांपर्यंत. शाळा बघितली नाही, कातडं बघितलं. आमच्या फेझ शहरात बापजाद्यांची रीत म्हणजे आधी चुना, मग कबुतराची शीट, मग झाडाची सालं, आणि मग वाट बघा... महिना बघा, दोन महिने बघा. मला काही त्याचा कंटाळा नव्हता. पण बाजाराला होता. मग ते क्रोम आलं, निळंहिरवं मीठ, पाण्यात कालवलं की दोन दिवसांत कातडं तयार. कातडं त्याला हवं तेवढं पितं आणि उरलेलं पाणी आम्ही पुन्हा वापरतो, पुन्हा वापरतो, आणि अगदीच खराब झालं की मोरीचं बूच काढतो. मोरी नदीला मिळते. कुणी कधी काही बोललं नाही. नदी बिचारी काय बोलणार?

आणि नदीच्या खालच्या अंगाला माझ्या बहिणीचा पुदिन्याचा मळा आहे. तामू तिचं नाव. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, नवरा गेला तेव्हापासून एकटी, आणि तोंड असं की नदीसुद्धा वळसा घालून जाते. दर शुक्रवारी तिच्याकडे जायचं, कुसकुस खायचा, आणि मग ती हात उंच करून चहा ओतणार आणि म्हणणार, पी, तुझ्या त्या कुजक्या जागेत असा वास मिळायचा नाही. खरंच होतं ते. आमच्याकडे माल बघायला येणाऱ्याला नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात ना, ती तिच्याच मळ्यातली असायची.

मग इतीमाद आली. आमच्याच गल्लीत वाढलेली पोरगी, आता विद्यापीठात शिकवते. बाटल्या घेऊन आली, हौदाच्या काठावर बसली, आणि नाकाशी काडी धरली नाही. मला तिथेच आवडली. पाणी भरून नेलं, आठवड्यानं परत आली आणि हळू आवाजात म्हणाली की बा, हे क्रोम नदीत जातं, नदीतून मळ्यात, मळ्यातून मुळांत. मी म्हटलं, मग होतं काय? तर म्हणाली, लगेच काही नाही होत, सावकाश होतं, वर्षानुवर्षं साठत राहतं.

सावकाश. मी स्वतः सावकाशीचा माणूस. सावकाश जे होतं ते पक्कं होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

त्या शुक्रवारी मी चहाचा ग्लास तसाच बाजूला सारला. तामूला सांगू कसं? तुझा मळा माझ्या हौदानं बाटवलाय, हे भावानं बहिणीला कुठल्या तोंडानं सांगायचं? पोट बरं नाही म्हटलं. पुढच्या शुक्रवारीही पोटच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली की तुझं पोट फक्त माझ्याच घरी बिघडतं का रे.

म्हणून मी इतीमादच्या मागे लागलो. यावर काही उपाय? तिनं पिशवीतून एक डबी काढली. काळी पूड, सुरम्यासारखी. म्हणाली, लोखंडाचीच आहे, पण इतकी बारीक की एक केस घ्या, तो हजार वेळा उभा चिरा, त्यातला एक कण. मी म्हटलं, पोरी, मला सुईत दोरा ओवता येत नाही. ती हसली. मग चहाच्या ग्लासात आमचं निळं पाणी घेतलं, चिमूटभर पूड टाकली, ढवळलं, थांबली आणि ग्लासाला बाहेरून लोहचुंबक लावलं. तुम्हाला सांगतो, सगळं काळं सरकत सरकत काचेला जाऊन चिकटलं आणि पाणी उरलं झऱ्यासारखं. ती म्हणते, क्रोम त्या कणांना बिलगतं, आणि कणांना चुंबक ओढतं.

मी काही लगेच मान डोलावणारा नाही. कच्च्या कातड्याच्या दोन पट्ट्या कापल्या. एक निळ्या पाण्यात ठेवली, एक तिच्या ग्लासात. दुसऱ्या दिवशी पहिलीची कड निळी पडली होती आणि दुसरी होती तशी पांढरी, कच्ची. कातडं खोटं बोलत नाही. तेव्हा मला पटलं.

तर आता ते पाहुणे. पोरगी माझ्याकडे यायच्या आधीपासून चार वर्षं अर्ज करत होती, तेव्हा कुठे राजधानीतून उत्तर आलं की आम्ही येतो, तुमच्या हौदाच्या पाण्यावर पूड वापरून दाखवा, पाणी सुधारलं तर मोरीच्या तोंडाशी टाकी बांधून देतो, सगळं पाणी त्या पुडीतूनच नदीत जाईल. नाही सुधारलं तर टाकी नाही. एवढं साधं. मी त्या दिवसापासून मनात टाकी बांधायला लागलो होतो. टाकी झाली की तामूकडे जायचं, सगळं सांगायचं, आणि दोन ग्लास मागून प्यायचे.

आमचा म्होरक्या हाज बुश्ता. त्यानं आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं की पाहुणे मोठे आहेत, अब्रू राखा. गाढवं लांब बांधली, फरशी घासली, तामूकडून पुदिन्याच्या जुड्या आणल्या. मी पहाटेची नमाज आटोपून आलो आणि हौदापाशी बसलो. बघतो तर काय... तीन महिन्यांचं पाणी. वर साय, सायीत केस, केसांत माश्या. आणि मला वाटलं, इतीमाद आपल्या गल्लीची लेक, ती चार मोठ्या माणसांना घेऊन येणार आणि आपण तिच्या पाहुण्यांपुढे हे ठेवणार? तिला मान खाली घालायला लावायची? मी माझ्या बापाचं ऐकून मोठा झालो, आणि बाप म्हणायचा की पाहुणा येण्याआधी उंबरा धू. पाहुण्यापुढे घाण ठेवायची कशी?

मी बूच काढलं.

सगळं पाणी गेलं, गडगड करत. मग आत उतरलो, खराट्यानं घासलं, कोपरे घासले, कंबर मोडली, आणि पाटाचं ताजं पाणी सोडलं. भिंतीत मुरलेल्या क्रोमाची जरा निळसर झाक उरली होती, ती मी मुद्दाम राहू दिली. आभाळासारखी दिसत होती. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

पाहुणे आले. इतीमाद त्यांच्याबरोबरच आली. तिनं हौदात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं खूश झाली. मोठ्या साहेबांनी नाकाशी तामूचा पुदिना धरला, यंत्र पाण्यात बुडवलं आणि म्हणाले, यात काहीच नाही. मग पूड टाकली, चुंबक फिरवलं, पुन्हा यंत्र. साहेब म्हणाले, आधी काही नव्हतं, आताही काही नाही, मग या पुडीनं केलं काय?

इतीमाद म्हणाली, साहेब, हे रोजचं पाणी नाही. आणि आमचा हाज बुश्ता, छाती काढून, दाढीवरून हात फिरवत म्हणतो, रोजचंच आहे साहेब, आमच्याकडे स्वच्छता अशीच असते.

तेव्हा मात्र मी उठलो. सांगितलं सगळं. मी बूच काढलं, मी धुतलं, तुम्ही येणार म्हणून. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, फार भला माणूस होता, आणि म्हणाले, बाबा, इतक्या प्रेमानं कुणी आमचं स्वागत केलं नव्हतं. पण कागदावर यंत्रानं दाखवलं तेच लिहिलं आणि शिक्का मारला.

ते गेल्यावर इतीमाद काठावर बसली.

"बा, किती दिवसांचं पाणी होतं?"

"तीन महिन्यांचं."

"आणि ते सगळं..."

"मोरी दुसरीकडे जातेच कुठे, पोरी."

तिनं पुडीच्या डबीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, "चूक माझी. घाणच हवी आहे, हे मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, हे सांगावं लागत नाही."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता तो कागद काचेत घालून हाज बुश्तानं दारावर लावलाय. मला वाचता येत नाही, पण येणारे वाचून दाखवतात की या जागेचं पाणी निर्मळ आहे, टाकीची गरज नाही. इतीमादनं पुन्हा अर्ज केलाय. पुढची पाळी दोन वर्षांनी.

शुक्रवारी तामूकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. क्रोम, मळा, मुळं, बूच, सगळं. ती पीठ मळत होती, मळत राहिली. मला वाटलं आता लाटणं येतंय. पण नुसतं एवढंच म्हणाली की मग माझ्या घरी तीन महिने उपाशी पोटी खोटं बोललास, गाढवा. त्या दिवशी चहा झाला नाही.

पुढच्या शुक्रवारी गेलो तर ग्लास तयार, वाफ निघतेय, वर हिरवीगार जुडी. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "पी. आपल्या मळ्यातला नाही. बाजारातून आणलाय. जाणूनबुजून भावापुढे तसला ठेवीन का?"

मी विचारलं, मग आपल्या मळ्यातला काय केलास?

"पहाटेच बाजारात पाठवला."

मी एक घोट घेतला. आणि तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं ज्याचा चहा प्यालोय तो मळा माझी जीभ ओळखणार नाही होय? ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, तामू, छान आहे... बाजारातला असूनसुद्धा छान आहे. आणि दुसरा ग्लास पुढे केला.