मक्याचं गाऱ्हाणं

मंडळी, नमस्कार. या मंडपात तात्यांचा आवाज ऐकायची आपल्या सगळ्यांना सवय. आज माइक माझ्या हातात आहे आणि तात्या फोटोत. काकी, धनी तुमचे गेलेत, पण मी रडले तर तुम्ही रडू नका.

मी सुलभा. बाहेरगावाहून आलेल्यांना सांगते, तात्यांच्या कोंबड्यांच्या शेडला लागून माझी शेड. आमच्या वाडीत भात पिकतो, काजू होतो, आंबा होतो. कोंबडीला लागतो तो मका मात्र घाटावरून येतो. तो आणतात शिवगोंडाअण्णा. स्वतःच्या शेतातला, स्वतःच्या ट्रकातून. ते बघा, मागे खांबाला टेकून बसलेत. अण्णा, पुढे या. नाही? बरं, तिथून ऐका.

तात्या देवळाचे मानकरी. जत्रेला गाऱ्हाणं त्यांनी घालायचं, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागायचं, आणि आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पिढ्यान् पिढ्या मागणं तेच. पाऊसपाणी, गुरंढोरं, मुंबईकर चाकरमान्यांची खुशाली.

मग ते मक्याच्या महागाईचं वर्ष आलं. आठवतंय ना? तिकडे परदेशात लढाई पेटली, धान्याची जहाजं अडकली. इकडे मक्यापासून इथेनॉल करायला लागले. आमच्या कोंबड्यांच्या तोंडचा घास गाड्यांच्या टाकीत जायला लागला. कितीतरी घरांनी शेड बंद केली. तात्या कुंपणावरून मला म्हणायचे, "सुलभा, लढाई खंय आणि उपाशी कोण, बघ गो."

त्या जत्रेला तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, खंय लढाई चालू आसा ती थांबव. समुद्रात अडाकलेली जहाजां सोडव. आणि मको स्वस्त कर रे म्हाराजा!"

आम्ही मंडप दणाणून टाकला. व्हय म्हाराजा!

एक माणूस गप्प राहिला. अण्णा. त्या दिवशी ट्रक घेऊन आले होते, प्रसादाला थांबले होते. तात्यांची नजर घारीची. मांडवातच विचारलं, "अण्णानू, तुमी व्हय म्हटलास नाय?"

अण्णा म्हणाले, "कसं म्हणू तात्या? मका स्वस्त झाला की माझं घर बसलं. मी तर माझ्या देवाला भाव चढू दे म्हणून नवस बोललोय. आता देवांनी काय करायचं, भांडायचं व्हय आपापसात?"

सगळा मांडव हसला. तात्याही हसले. पण त्या दिवशी वडे-सागोती पुढ्यात असून तात्या नीट जेवले नाहीत. काकींना विचारा.

पुढच्याच वर्षी वारं फिरलं. मक्याचा भाव पडला. त्यात अमेरिकेचा मका येणार म्हणून हवा झाली. सरकारं बोलत बसली, येऊ द्यायचा की नाही, कर किती. बोलणी संपायच्या आत व्यापाऱ्यांनी भाव पाडून घेतला. वाडीतल्या शेडवाल्यांचा मका एकत्र यायचा, भाव तात्या ठरवायचे. आम्हा शेडवाल्या बायकांना आनंद. मीच म्हटलं, कुडाळात स्वस्त मिळतोय, तिथून उचलूया. तात्या म्हणाले, नाही. अण्णांचाच घ्यायचा, आणि त्यांचा खर्च निघेल अशा भावाने.

मी पदर खोचून भांडले. "तात्या, धर्मादाय काढलाय का आपण?"

तात्या शांतपणे म्हणाले, "अण्णान मको सोडून ऊस लावलो, तर फुडल्या लढाईत तुझ्या दारात ट्रक घेवन कोण येतलो? अमेरिका?"

मंडळी, खरं सांगते, तात्यांनी भाव जरा जास्तच दिला असं माझं आजही मत आहे. गेलेल्या माणसाबद्दल सगळं गोडच बोलावं असं नाही. पण अण्णांच्या शेतात मका उभा राहिला, आणि पुन्हा दर चढले तेव्हा इथेनॉलच्या कारखान्याआधी आमचा ट्रक भरला गेला. माझी शेड चालू आहे. त्यावर माझी मुलगी नर्सिंग शिकतेय. हे मी कुठे विसरू?

भाव पडला त्या वर्षीचं गाऱ्हाणं तात्यांनी बदललं. "मको पिकवतत त्यांचाय घर चलांदे, कोंबडे पोसतत त्यांचाय घर चलांदे, असो भाव ठेव रे म्हाराजा!" आणि मागून घाटी आवाजात असा "व्हय म्हाराजा" आला की गुरवकाका दचकले.

तात्या गेले ते सकाळी कोंबड्यांना खाणं घालून, दुपारी पेज जेवून, आडवे झाले तसेच. भरल्या घरातून, भरल्या पोटी. मला दुःख आहे, खूप आहे. पण हळहळ नाही. तात्या तृप्त होते.

आता जत्रा जवळ आली. मान महेशकडे, तात्यांच्या मुलाकडे आला. काल तो मला म्हणाला, "सुलभाकाकी, बातम्यांत परत अमेरिकेच्या मक्याचं चाललंय. यंदा देवाकडे काय मागू? माका कायच सुचणा नाय."

महेश, सगळ्यांसमोर सांगते. देवाकडे मागायच्या आधी घाटावर अण्णांना फोन कर. त्यांना काय हवं ते विचार. मग आमच्याकडे ये, आम्हाला विचार. भांडण होईल, होऊ दे. ते मिटलं की मग देवासमोर उभा राहा.

चला, तात्यांसाठी थोडा वेळ शांत उभे राहूया. अण्णा, आता तरी पुढे या. इथे, महेशच्या बाजूला उभे राहा.