दचकूचा नमस्कार

नाही हो डॉक्टर, पोस्टर छानच झालंय, पोस्टरबद्दल माझं काही म्हणणंच नाही — मी फक्त त्या क्लिपचं म्हणत होते. आज संध्याकाळी बाबांच्या शोकसभेत ती लावायलाच हवी का, एवढंच. म्हणजे, उजेड कमी आहे तिच्यात. आवाज फाटतो. आणि पुढच्या रांगेतल्या कुणाचं तरी डोकं सारखं मध्ये येतं, ते — तुमचं आहे? अय्या. नाही नाही, डोक्याचं काही नाही, चांगलं डोकं आहे — बसा ना तुम्ही. त्या स्टुलावर नको, सरस सांडलाय, सकाळी बेल वाजली आणि माझ्या हातातून डबाच उडाला. इकडे बसा, थांबा, रंधा उचलते. हो, हा बाबांचाच. धरा ना हातात, सगळेच धरतात. परवा एक बाई आल्या होत्या, त्यांनी जमिनीवरचा लाकडाचा भुसा पुडीत बांधून नेला, आठवण म्हणून. मी म्हटलं, अहो, तो शेजारच्या सुताराचा भुसा आहे, वाऱ्यानं आत येतो — पण हे मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, घ्या ना, अजून हवाय का?

रोज कुणीतरी येतंच. बाबांना जाऊन एवढे दिवस झाले, तरी. आणि प्रत्येकाचं एकच — काय माणूस होता! कसा मोकळाढाकळा! पहिल्या भेटीत खांद्यावर हात! होतेच ते तसे, मी कशाला नाही म्हणू. खिळे आणायला म्हणून बाहेर पडायचे आणि जेवायच्या वेळेला खिळ्यांशिवाय, पण दोनतीन अनोळखी माणसांसकट परत यायचे. एकदा एका बाईंचा चुकून फोन लागला आमच्याकडे, त्यांना गॅसवाला हवा होता — बाबांनी त्यांना इतकं हसवलं, की त्यानंतर त्या मुद्दाम चुकीचा नंबर लावायला लागल्या. बाबांना पोचवायला आल्या होत्या त्या. मला मिठी मारली आणि म्हणाल्या, ‘मी राँग नंबर.’ आणि तुमची गोष्ट तर ते किती रंगवून सांगायचे! तुम्ही त्यांची दाढ काढत होता, तोंडात कापूस कोंबलेला, तरी तेच तुम्हाला किस्सा सांगत होते म्हणे, आणि तुमच्या हातातली पक्कड हसता हसता — काय? शेजारची दाढ निघाली? नाही, हे नव्हतं सांगितलं त्यांनी. बघा, तसे पोटात ठेवायचेही ते.

मी अशी. माहितीये मला, तुम्हीही तेच बघताय — बापाचा एक गुण उतरला नाही पोरीत. असू दे, सगळ्यांनाच वाटतं. बाबा स्वतःच ओळख करून द्यायचे ना, ‘ही आमची कन्या. बोलत नाही, पण उडते झकास!’ — आणि मागून ताटली आपटायचे. मी उडायचे. पाहुणे हसायचे. मग मीही हसायचे, न हसून सांगते कुणाला. आई आतून ओरडायची, ‘अहो, पोरीचं काळीज आहे ते, टाळी नाही वाजवायला!’ की लगेच बाबा मला जवळ घेणार, डोक्यावर हनुवटी टेकवणार, ‘माझं सोनं गं ते.’ त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. मी तर नाहीच म्हणत.

हो, ते कळलं मला — बाबांच्या बाहुल्यांच्या खेळात गाणाऱ्या काकांना दोरा सापडत नाहीये. कालपासून ते दचकूला घेऊन बसलेत. मला फोनही केला त्यांनी, मी उचलला नाही. म्हणजे उचलला, पण बोलले नाही. संध्याकाळी दचकू स्टेजवर एकदा तरी दचकली पाहिजे, लोक तेवढ्यासाठी येणार, हे समजतं मला. एवढ्या बाहुल्या केल्या बाबांनी, राजा केला, पैलवान केला, दोन भांडकुदळ जावा केल्या, आणि जीव लावला लोकांनी कुणाला, तर त्या भित्र्या बाईला. दोरीवर वाळत घातलेला सदरा हलला तरी तीन ताड उडणार! तुमच्या रसिक मंडळानं तर परिसंवाद ठेवला होता ना तिच्यावर — ‘दचकूची दचक : हाताची की काळजाची?’ मी शेवटच्या रांगेत होते. कुणी म्हणालं मनगट, कुणी म्हणालं करंगळी, त्या बँकवाल्यांनी तर फळ्यावर आकृती काढली. बाबा नुसते मिशीत हसत होते. आणि आता काका म्हणतात, सगळे दोरे ओढून पाहिले, बाई चालते, बसते, पदर सावरते, दचकत काही नाही. कशी दचकेल? मानेमागचा तो लांब दोरा सुटा लोंबतोय ना, तो तुटलेला नाहीये, त्यांना सांगा. बाबांच्या हातातल्या लाकडी फुलीला बाकीचे सगळे दोरे बांधलेले असायचे, हा कधी बांधलेलाच नव्हता. हा माझ्या बोटात असायचा.

नाही — म्हणजे — पाणी देऊ तुम्हाला? थंड आहे. चहा? ... बोलून गेले ना मी. हे कुणाला सांगू नका हं डॉक्टर, आईलासुद्धा नीटसं माहीत नाही, तिला वाटतं मी वर फळीवर बाबांच्या मदतीला असायचे, हे दे, ते धर. बसा ना, उभे का राहिलात? तसं काही मोठं नाही त्यात. स्थिर हाताला दचकता येत नाही, एवढंच. तुम्ही करून बघा, ठरवून दचका. बघितलंत? खांदे उडाले, पण चेहऱ्यानं आधीच चहाडी केली. बाबांचा हात तर दगडासारखा स्थिर, सुईत दोरा पहिल्या फटक्यात जायचा — त्यांनी किती प्रयत्न केले सुरुवातीला, दचकू नुसती उडी मारायची, माकडासारखी. मग एक दिवस मी तिचा तो दोरा धरून उभी होते, सहज, गुंता सोडवत, आणि बाबांच्या हातातून पटाशी पडली. मी उडाले. दचकूही उडाली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘अगं, हे तर घरातच होतं!’

तेव्हापासून तसंच. पडद्याच्या वर, फळीवर, त्यांच्याकडे पाठ करून मी उभी, बोटाला दोरा. सदऱ्याचा प्रसंग आला की दचकूची फुली आकड्याला अडकवून द्यायची, ती दोरीपाशी उभी राहते, आणि बाबा मागून तो सदरा नाचवणार. त्यांचा दुसरा हात मोकळा. तो काय करणार, ते मला कळता कामा नये. कधी कागदी पिशवी फोडायचे, कधी मानेवर गार स्पंज, एकदा तर नुसतं कानात पुटपुटले, ‘निकाल लागला.’ एकच युक्ती पुन्हा चालायची नाही ना, मला सवय व्हायची. मग घरी नवीन नवीन करून बघायचे. दाराआडून. जिन्यात. मी तोंड धूत असताना, डोळ्यांवर साबण असताना. आणि नियम एकच — दचकलीस तरी मागे बघायचं नाही. मागे बघितलंस की दोरा ढिला, दोरा ढिला की दचकू मेली. दचकायचं आणि थिजायचं, टाळ्या थांबेपर्यंत. मग श्वास घ्यायचा.

राग? तीच तर लाजेची गोष्ट आहे. राग यायला हवा होता ना? चांगली शिकलेली-सवरलेली मी, वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा घसा बसायचा, एका सरांनी तर मला अर्धं वर्ष गैरहजर लावलं, मी समोर बसलेली असताना — आणि इथे भरलं थिएटर माझ्या भित्रेपणाला टाळ्या वाजवतंय! आवडायचं हो मला. नाव बाबांचं होईना का, बोट माझं आहे हे मला ठाऊक होतं ना. तुम्ही लोक खेळ झाल्यावर बाबांचे हात हातात घ्यायचात, त्यांची बोटं निरखायचात, आणि मी कोपऱ्यात पडदा घडी करत असायचे, माझं हे बोट असं — असं पदराखाली झाकून. कुणी मागू नये म्हणून. आणि कुणी मागावं म्हणूनसुद्धा.

तर त्या दिवशी, शेवटच्या खेळाला. तुम्ही होतातच, तुमचं डोकं आहेच क्लिपमध्ये. सदरा आला, हलला, मी वाट बघत होते. आणि मागे धप्प झालं. एवढं मोठं, की फळी हादरली. मी अशी उडाले, की दचकूच्या पायातली चप्पल निघून समोर लोकांत गेली. तुम्हीच झेललीत ना ती? आणि मग जो काही हशा आणि टाळ्या! सदराही खाली गळून पडला, तर लोकांना वाटलं भीती दाखवणाराच घाबरून बेशुद्ध पडला — आणखी हशा. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, वा बाबा. आजचं खासच. स्वतःच पडून दाखवलं! मागे बघायचं नाही. मी नाही बघितलं. थिजले. टाळ्या थांबेचनात, डॉक्टर. लोक उभे राहिले. आणि मला — मी हसत होते. एकटीच, वर, अंधारात, दात दिसतील असं. आणि मग मी दोरा जरासा सैल सोडला. दोरा सैल सोडला की दचकू कमरेत वाकते, हे मी घरी करून बघितलं होतं, कुणी नसताना, आरशासमोर. तिनं वाकून नमस्कार केला. टाळ्या वाढल्या. मग मी पुन्हा करायला लावला. त्या बाजूला. मग या बाजूला.

तुमच्या पोस्टरवर तोच आहे. ‘शेवटचा नमस्कार’. मरता मरताही कलावंतानं रसिकांना वंदन केलं — किती सुंदर लिहिलंय खाली, कुणी लिहिलं? तुम्ही? छान आहे. ... बाबा माझ्या पाठीमागे पडलेले होते हो. हात लांब केला असता तर लागले असते. आणि मी डावीकडे नमस्कार करत होते. हॉस्पिटलमध्ये म्हणाले, लगेच गेले. लगेच म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. तुम्ही दातांचे डॉक्टर, तुम्हाला काय विचारणार. नको, सांगू नका.

म्हणून म्हणत होते, ती क्लिप नको. मोठ्या पडद्यावर नको. लोक रडतील, टाळ्या वाजवतील, आई पहिल्या रांगेत असेल, मला शेजारी बसवतील — आणि वरती मी पडलेल्या बाबांकडे पाठ करून नमस्कार करतेय. उजेडाचं खोटं होतं, उजेड चांगला आहे तिच्यात. डोकं पण फारसं नाही येत मध्ये.

रडू नका ना. अहो, रुमाल — थांबा, तो नको, त्याला रंग आहे. नाही, तुमचा काय दोष? ... काय? नाही! जाहीर कशाला? मंडळाला कळायलाच हवं म्हणजे? डॉक्टर, मी हे तुम्हाला — सत्कार? माझा? नाही हो. शाल नको, फूल नको, मी तिथे उभी राहिले तर पडेन. ऐका ना माझं. क्लिप तेवढी काढा, बाकी काही नको मला. ... क्लिप काढाल? खरंच? काढाल? ... त्याऐवजी काय करायचं? दोरा धरायचा. आज. एकदाच. बाबांसाठी.

आणि मला दचकवणार कोण?

तुम्ही.

नाही, मी हसत नाहीये. विचारतेय. काय करणार तुम्ही, पिशवी फोडणार? ... आत्ता नाही सांगणार. बरोबर. सांगितलं तर काय उपयोग. तुम्हाला जमेल डॉक्टर, तुमचे डोळे बघा कसे चमकले. बाबांचे असेच चमकायचे, मी पाठमोरी असले तरी कळायचं मला, मानेला कळायचं. एवढं प्रेम केलंत तुम्ही त्यांच्यावर, आणि शिकलात बघा नेमकं —

नाही. नाही धरणार मी. ... म्हटलं ना नाही. मग लावा ती क्लिप. लावा. बाबांचाच नमस्कार आहे म्हणून सांगा, लोकांना बरं वाटेल, तुम्हालाही वाटेल, तुम्ही हे ऐकलंच नव्हतं असं समजा. मी येणार नाही. आईला सांगा, डोकं दुखतंय तिचं. रंधा हवा असेल तर घेऊन जा. जा आता, उशीर होईल तुम्हाला — नाही, खांद्यावर हात नको. जा.

आणि दार हळू लावा.