कालवांचा वास

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ती विरोजकाकांची. इकडे बसा, पंख्याखाली. कालवांचं ऑम्लेट ना? दुसरं इथे मिळतच नाही. मऊ की कुरकुरीत? कुरकुरीत—काकांनाही तेच लागतं. सव्वीस वर्षं झाली, एक दुपार चुकवली नाही माणसाने. मंगळवारी खाऊन गेले आणि—आज शुक्रवार ना? येतील. गेले असतील मुलीकडे, अयुथ्थयाला.

काय बघताय? हां, टोप नाकाशी धरला म्हणून! अहो, तेच तर बघायला येतात लोक. याओवारातच्या चिनी बाजारातल्या या गल्लीत कुणालाही विचारा—लमियतमावशी गिऱ्हाइकासमोर कालवांचा वास घेते, मान डोलावते, मगच तव्यात टाकते. एकदा ऐन गर्दीत अख्खा टोप गटारात ओतला होता मी! सासूबाईंनी लावलेली सवय. आता पिठात अंडं—थांबा हं, अंडं राहू दे जरा. खरं सांगू? तुम्ही परके दिसता, गल्लीत बोलायचा नाहीत. सोंगक्रानच्या सणात मला ताप आला, आणि जाताना माझं नाकच घेऊन गेला. लसूण कळत नाही, धूर कळत नाही—परवा फडकं पेटलं ते समोरच्या बाईने ओरडून सांगितलं. तरी मी टोप उचलते, मान डोलावते. काय करू? रांगेतले सगळे बघत असतात! बोटांनी चाचपून घेते, डोळ्यांनी निरखते. आजवर काही झालं नाही. झालं असतं तर कळलंच असतं की. काकांचा फोन लागत नाही, पण ते फोन बंदच ठेवतात. काल त्यांच्या दारापर्यंत गेले होते मी. कडी वाजवायला हात उचलला आणि तशीच परत आले. त्यांच्या सुनेने विचारलं असतं, मंगळवारी काय खायला घातलंत, तर?

आज मेला बर्फवालाही उशिरा आला, आणि ऊन हे असं. एक काम कराल माझं? या टोपाचा जरा वास घ्या. एवढंच. जवळ घ्या, घाबरू नका. स्वच्छ समुद्रासारखा यायला हवा. आला? मान का मागे घेतलीत? बोला ना. परत एकदा घ्या हो, तव्याचा धूर गेला असेल नाकात. अहो, तोंडाला रुमाल कशाला—

देवा रे. सकाळपासून याच टोपातल्या बारा प्लेटी गेल्या. खाणाऱ्यांत एक पोटुशी पोरगी होती, दोन खाल्ल्या तिने. ‘डॉक्टर नको म्हणतात, पण तुमच्या नाकावर माझा भरवसा आहे, मावशी,’ म्हणाली. आणि मी हसले! कुठे राहते ती? नाव काय तिचं? मला तिचं नावसुद्धा माहीत नाही हो!

उठा तुम्ही. गॅस बंद केलाय मी. ए, रांग मोडा, घरी जा सगळे. काही विचारू नका. जा म्हणते ना!