जवळचं घर आधी

नाही, तो नको, तो खाली ठेव. हां, तोच, पिवळ्या कडेचा. विकायचा नाही तो, भाड्यानंही द्यायचा नाही. मग मांडलाय कशाला, असंच ना? अरे, सकाळी फडकं मारताना सगळंच बाहेर काढते, त्यात तोही येतो, आणि मग राहतो तिथंच. तू हा घे, काळा. वजन बघ, विटेसारखा आहे, पण पडला तरी रडत नाही. याला साधे सेल लागतात, बोटाएवढे — ते चार्जिंगवाले शहाणे वर थंडीत मान टाकतात. आणि वाट दाखवायला मोबाइल आहे म्हणून सांगू नकोस मला. बिश्केकहून येणारं प्रत्येक पोरगं मला थोरली बहीण करून हेच म्हणतं, ‘एजे, माझ्या मोबाइलात सगळं आहे.’ आहे ना, दरीच्या तोंडापर्यंत आहे! पुढं थंडीनं तो मेला की दात बघायला आरसा. — काय? ती? ती गाडीत लावायची मशीन, तुझ्या कामाची नाही. आत एक रशियन बाई बोलते. हजारदा चुकलास तरी चिडत नाही, ‘शक्य असेल तेव्हा मागे वळा,’ इतकंच. माझी सासू पहिल्यांदा तिच्याबरोबर गाडीत बसली तेव्हा म्हणाली, ‘केव्हाची बोलतेय बिचारी, तिला चहा तरी द्या कुणी.’ आणि कॅमेरा हवा असेल तर तो वरचा बघ — समोरचा माणूस हसला की आपला आपण फोटो काढतो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांपुढं धरशील तर संध्याकाळपर्यंत एक फोटो निघणार नाही, ते सोड. चाललायस कुठं तू?

कोक-बेल? खिंड ओलांडून पलीकडे? — एकटा?

बस. ते स्टूल ओढ. चहा घे, पाव मोडून घे, नुसता बघत बसू नकोस. नाही, अडवत नाहीये मी, मी कोण अडवणारी. सगळे जातात कोक-बेलला, सुंदर आहे, उन्हाळ्यात फुलं असतात गुडघ्याएवढी. फक्त दुपार व्हायच्या आत खिंडीतून उतर. वर उगाच टेकत बसू नकोस.

तो पिवळा माझ्या नवऱ्याचा आहे. जिर्गलचा. म्हणजे यंत्र आहे, तो होता. घोडी घेऊन पाहुण्यांना वर न्यायचा, आयुष्यभर तेच केलं. एकदा एक हॉलंडचा माणूस परत जाताना त्याच्या हातात हे ठेवून गेला, आठवण म्हणून. जिर्गल हसला. म्हणाला, ‘हे मला काय शिकवणार? वाट दाखवायला घोडा आहे, आणि वाट चुकलो की ऐकवायला बायको आहे.’ आणि मग, सांगते तुला, आठवड्याभरात नुसतं वेड! यात कसं असतं, तू जिथं उभा आहेस त्या जागेची खूण करता येते, तिला नाव देता येतं, शेजारी बारकंसं चित्र. मग काय, झरा दिसला की खूण, लांडग्याची गुहा दिसली की खूण, घोड्याचा नाल पडला तिथं खूण. एक खूण सापडली मला ‘झूरा चिड’ अशी. नावात अक्षरं मोजकीच मावतात ना, ‘झूरा चिडली’ मावलं नाही. कशावरून चिडले होते देव जाणे, पण जागा आठवते, नाल्याच्या वर होती, आणि पाय भिजले होते माझे.

पण पहिली खूण त्यानं केली ती आमच्या अंगणात उभा राहून. घराचं चित्र लावलं आणि नाव दिलं ‘घर’. मी म्हटलं, ‘अरे, घर कुणी विसरतं का?’ तर म्हणे, ‘रेघेचं एक टोक कुठंतरी बांधावं लागतं, झूरा.’ कारण हे चालताना मागं रेघ सोडत जातं, लोकरीचा गुंडा उलगडावा तशी. परत यायचं झालं की बटण दाबायचं, मग तीच रेघ उलटी धरून चालायचं. धुकं असो, बर्फ असो, रेघ असते. हो, काळ्यातही आहे ते, दाखवते नंतर, आधी चहा पी.

तर त्या वर्षी बर्फ लवकर आलं. आल्माटीची दोन पोरं वर गेली होती, त्यातला एकच खाली आला, रडत. दुसरा मादियार, तुझ्यापेक्षा थोडा मोठा असेल. कुणी म्हणालं सकाळपर्यंत थांबू, कुणी म्हणालं हेलिकॉप्टर मागवू. जिर्गलनं घोडा काढलासुद्धा होता. मी खिशात वाळलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी कोंबली आणि म्हटलं, ‘सगळ्या पोरालाच देऊन टाकू नकोस, तूही खा.’ सापडला त्याला मादियार. दुसऱ्या दिवशी सापडला, जिवंत. घोडा खाली बांधून ठेवावा लागला होता, म्हणून दोघं चालत निघाले परत. आणि बसलेल्या उंटासारखा एक खडक आहे तिथं, त्याच्या अंगाला बर्फाखाली नुसती काच झालेली असते — तिथं जिर्गल घसरला. कंबरेत मोडला. उभंच राहवेना.

मादियार एकटा उतरला. हातात हा पिवळा. मेंढपाळाच्या दारात पोचला तेव्हा बोटं इतकी आवळलेली की यंत्र काढून घ्यायला दोघं लागले. माणसं लगेच निघाली वर, माझा दीर साद्रबेक पुढं. पण मधल्या वेळात वरची अख्खी उतरण खाली आली होती. खडक नाही, वाट नाही, सगळं पांढरं. मग उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर पुन्हा गेले. तेव्हा मादियारही आला आल्माटीहून, लंगडत, पायाची बोटं गेली होती त्याची. हा पिवळा मागून घेतला माझ्याकडून आणि सगळ्यांना नेमक्या जागी नेऊन उभं केलं. साद्रबेक सांगतो, यंत्र वाजलं, अक्षरं आली — ‘पोचलात’. आणि पायाखाली काय? खडे. खड्यांतून वाहणारं पाणी. आणखी खाली शोधलं, नाल्यात शोधलं. काही नाही रे. टोपीसुद्धा नाही. थडगं बांधायला काही तरी लागतं ना माणसाला.

मादियारनं मला काय सांगितलं होतं माहितीय? ‘एजे, पडल्या पडल्या त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि पिटाळलं मला. हसत होते. म्हणाले, वर बघू नकोस, खाली बघू नकोस, रेघेकडे बघ आणि चाल.’ बस. एवढंच. आणि गावानं काय म्हणायचं ते म्हटलंच — कझाख पोरगं जीव घेऊन पळालं, वाचवायला आलेल्या म्हाताऱ्याला बर्फात टाकून. त्याच्या तोंडावर म्हटलं. तरी हा दर उन्हाळ्यात यायचा, लाकडं फोडून द्यायचा, छपराचा पत्रा ठोकून द्यायचा, आणि सासू त्याच्याकडे पाठ करून बसायची. तो तिच्या पाठीला सलाम करून जायचा.

मग एकदा मी ठरवलं की पुरे, विकून टाकायचा पिवळा. गिऱ्हाईकही चांगलं होतं, शिकवणारी बाई होती एक. विकण्याआधी आतलं सगळं पुसायचं असतं. यंत्र विचारतं, ‘सगळं पुसू? हो, नाही.’ बोट ‘हो’वर ठेवलं आणि म्हटलं, एकदा बघू तरी रेघ. लांबून पाहिली तर नुसता धागा. म्हणून जवळ आणली, आणखी जवळ, आणखी — आणि उंटाच्या खडकापाशी धागा नव्हताच. गाठ होती. गुंता, मांजरानं लोकर विस्कटावी तसा. आता हे मला कुणी सांगायला नको, मी हेच विकते. यंत्र चालू ठेवून एका जागी बसलास ना, तर ते गप्प बसत नाही, दोन पावलं इकडं, चार पावलं तिकडं, आपलंच भरकटत राहतं. इथं टेबलावर ठेवलं तरी असा गुंता होतो. जितका वेळ बसाल तितका मोठा. आणि ही गाठ… मी टेबलावर दिवसभर विसरले होते एकदा, तेवढी.

आणि गाठीच्या मधोमध एक खूण. घराचं चित्र. नाव — ‘घर’.

गिऱ्हाइकाला काय सांगितलं आठवत नाही, गेली ती. मी मादियारला फोन लावला. म्हटलं, ‘मादियार, गाठ कसली आहे?’ फोनात रस्त्याचे आवाज येत होते. मग म्हणाला, ‘थांबा एजे, गाडी बाजूला घेतो.’ आणि मग सांगितलं. जिर्गलनं पिटाळलं होतं, ते खरं. हा गेला नाही. जॅकेट काढून त्याच्या अंगावर घातलं, पाठीला पाठ लावून बसला. जर्दाळू खाल्ले दोघांनी. आणि जिर्गलनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं — ‘झूराला सांग, मी तुला लगेच पाठवलं. नाहीतर ती बाई जन्मभर या खडकापाशी बसून राहील.’

बघ म्हणजे. ओळखून होता मला.

मग दुपार कलल्यावर त्याला भान राहीना. विचारायचा, ‘घर किती राहिलं?’ यंत्रात असतं ना, कुठल्याही खुणेपर्यंतचं अंतर. मादियार वाचून दाखवायचा. थोड्या वेळानं पुन्हा, ‘घर किती राहिलं?’ पुन्हा तोच आकडा. बदलेल कसा, दोघं जागचे हलले नव्हते. जिर्गलचा चेहरा असा व्हायला लागला की — मादियारला ते सांगता आलं नाही. मग त्यानं आकडा कमी करायला सुरुवात केली. यंत्राकडे बघत बघत खोटं वाचायचा. ‘आता जंगल लागलं, आके.’ ‘आता पूल आला.’ जिर्गल म्हणायचा, ‘फळी बघ, डावीकडची मोडलीय.’ ‘बघितली, आके.’ ‘आता पॉपलर दिसायला लागले.’ ‘फाटक उघडं आहे का?’ ‘उघडं आहे.’ ‘झूरा काय करतेय?’ — आता या पोरानं मला तोवर पाहिलंसुद्धा नव्हतं! म्हणाला, ‘चहा ठेवलाय त्यांनी.’

ठेवला होता का मी? किती आठवून पाहिलं. नसेल. मला वाटतं मी दोरीवरून कपडे काढत होते, थंडीनं कडक झाले होते, त्याचा सदरा फळीसारखा उभा राहत होता, आणि मला हसू येत होतं. त्या वेळी. हसू.

मग मादियारनं शून्य वाचलं. म्हणाला, ‘पोचलो, आके.’ आणि जिर्गल पोचला.

मी विचारलं, ‘आणि ती खूण?’ तर म्हणाला, ‘खोटं राहू नये म्हणून, एजे. ते घरी पोचले असं मी सांगितलं होतं. मग त्या जागेला तेच नाव दिलं.’ मी म्हटलं, ‘अरे, पण फळी मोडलेली, पॉपलर, फाटक, तुला कसं माहीत?’ ‘फळीचं त्यांनीच सांगितलं, एजे. बाकीचं सगळं सकाळपासून येताना सांगतच होते, दुसरं काही बोलतच नव्हते.’ सासूला सांगितलं मी. पुढल्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा तिनं मटणाचा मानाचा तुकडा उचलून स्वतःच्या हातानं त्याच्या पुढ्यात ठेवला, आणि पोरगं ताटावर रडलं.

झालं. चहा गार झाला तुझा, दे, ओतते गरम. पुसलं नाही, नाही. कसं पुसणार? आता यात ‘घर’ म्हणून शोधलं की दोन येतात. याची रीत अशी की जवळचं आधी दाखवायचं, लांबचं त्याखाली. इथं दुकानात बसलं की आमचं अंगण आधी, वरचं खाली. रोज तेच. मग एकदा वर चालले होते, कुरणावर, दुधाचे डबे घेऊन. पुलाच्या पुढं एक ढासळलेला मेंढवाडा आहे. तिथं सहज बघितलं, तर यादी उलटलेली. वरचं घर आधी. मी एक पाऊल मागं आले, तर आमचं अंगण आधी. एक पाऊल पुढं, तो. मागं, अंगण. पुढं, तो. वेड्यासारखी नाचत होते तिथं डबे हातात घेऊन. लांब आहे थोडं, पण मार्श्रुत्का, ती शेअर व्हॅन, पुलापर्यंत जाते, मग काय पुढं. जाते मी अधूनमधून. घरी सांगते बहिणीकडे जाते म्हणून. उभी राहते थोडा वेळ, मागं पाऊल घेते, येते परत. काही नाही त्यात. फक्त मागच्या खेपेला मागं पाऊल घ्यायचं — पाय उचलेचना. पुढं चालत गेले बरीच. पॉपलर दिसेनासे झाल्यावर लक्षात आलं की चहाची भांडी मी सोबतच घेऊन —

काय बघतोस असा? काही नाही झालं, वय झालं की पाय भरून येतात. हा काळा घे, सेल घालून दिलेत, जोडीला आणखी घे. आई आहे ना घरी? मग निघायच्या आधी फोन कर तिला, कुठल्या वाटेनं जातोयस ते नीट सांग. भाड्याचं आल्यावर बघू. उठ, चल, मलाही दुकान बंद करायचंय. — हो, आत्ताच. उन्हाचं काय, ऊन असतंच. पुलापर्यंतची गाडी थांबत नाही कुणासाठी. — नाही. नाही म्हटलं ना, सोबत नको मला. बहिणीकडे चाललेय मी. दार ओढून घे.