शकूचं कारलं

तुम्ही हसाल, पण शेजारच्या शकूच्या ताटात काय आहे ते मी तिच्या लहानपणापासून डोकावून बघत आलेय. तिच्या आईची, अनुसयाची, शिस्तच होती, आधी कारलं संपवायचं आणि गोड शेवटी.

बऱ्याच वर्षांपूर्वीचं सांगते. शकू पारनेरहून पुण्याला डॉक्टरीच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा द्यायला गेली, ती तोंड पाडूनच परत आली.

"काय झालं गं?"

"तीस प्रश्न कोरे राहिले, मावशी. अवघड गणितांतच वेळ गेला."

"आन् सोपे?"

"ते शेवटी ठेवले हुते."

"म्हंजे तिथंबी कारलंच आधी खाल्लंस व्हय?"

प्रवेश हुकला. वयाची अट होती, त्यामुळे आता एकच संधी उरली होती. मग वर्षभर मी तिला आमच्याकडे जेवायला बसवून आधी गूळपोळी खायला लावली.

"पोरीला बिघडवताय तुमी," अनुसया म्हणायची.

"बिघडू दे. आन् शकू, प्रश्नाखाली दिलेल्या चार उत्तरांतली दोन चुकीची तर कळतात ना? उरलेल्यातल्या एकावर खूण करून मोकळी हो. चुकलं तर गुण कापत न्हाईत, मग कोरं कशाला सोडायचं?"

दुसऱ्या खेपेला तिचं नाव लागलं. अनुसयाने शिरा केला, आणि शिस्तीप्रमाणे कारलंही वाढलं. शकूने शिरा चाटूनपुसून खाल्ला आणि हात धुवायला उठली.

"आन् ते कारलं?" अनुसयाने विचारलं.

"वेळ संपला, आई."