अकरा टाके

डॉक्टर : इथे, खाली. ‘दुसऱ्या नातेवाइकाची सही’ लिहिलंय ना, तिथे. तारीख मी घालतो.

बहीण : आधी वाचलं तर चालेल ना?

डॉक्टर : वाचा की. फक्त जरा लवकर. तीन वाजता अहवाल कोर्टात पोचायचाय आणि टायपिस्ट अजून शेवटच्या पानावर आहे. बसून वाचा.

बहीण : उभी बरी आहे. सकाळपासून बसवतच नाहीये मला. हे ‘पूर्वेतिहास’ म्हणजे काय?

डॉक्टर : तुमचा भाऊ लहानपणापासून कसा वाढला, काय आजार झाले, घरात मारहाण होती का, ते सगळं. तुमच्या आईंनी मागच्या आठवड्यात दोन तास बसून सांगितलं. पण एकाच नातेवाइकाच्या शब्दावर भागत नाही, दुसऱ्याने दुजोरा द्यावा लागतो. तुम्ही थोरल्या. तुम्हाला आठवत असणार.

बहीण : आई बाहेर बाकावर बसलीय. तिलाही आत बोलवा ना.

डॉक्टर : दोघींना एकत्र बसवत नाही आम्ही. एकीचं ऐकलं की दुसरी तेच म्हणते.

बहीण : मग तिने सांगितलेलं लिहून माझ्या हातात कसं दिलंत?

डॉक्टर : वेळ नव्हता. रीतसर पाहिलं तर तुम्हाला आधी कोरं विचारायला हवं होतं, ते खरं. पण त्या इतक्या बारकाईने सांगत होत्या, की शंका घ्यायला जागाच नव्हती. वाचा तुम्ही.

बहीण : ‘वय वर्षे आठ. गच्चीवरच्या टाकीच्या शिडीवरून पडला. दोन दिवस शुद्ध नव्हती. डाव्या कानशिलाच्या वर अकरा टाके.’

डॉक्टर : हं. सगळा अहवाल त्याच्यावर उभा आहे.

बहीण : अकरा?

डॉक्टर : आईंना आकडा पाठ होता. दवाखान्यातल्या भिंतीचा रंगसुद्धा. थांबलात का?

बहीण : समजावून सांगा ना जरा. सही करायची म्हणजे कळायला तर हवं. शिडीवरून पडण्याचा आणि अठरा वर्षांनंतरच्या भांडणाचा काय संबंध?

डॉक्टर : थोडक्यात सांगतो. कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो, तो माणसाला आवरतो. राग तुम्हालाही येतो, मलाही येतो. हात उगारावासा वाटतो, पण आतून कोणीतरी ‘थांब’ म्हणतं. लहान वयात तिथे मार बसला तर ते ‘थांब’ उशिरा येतं. कधी येतच नाही. त्यात तुमचे वडील पट्ट्याने मारायचे. पोराला लहानपणी रोज मार मिळाला, की जग म्हणजे मार देणं किंवा खाणं, एवढंच त्याला कळतं. शिवाय तुमचे काका आत जाऊन आलेले. म्हणजे काही रक्तातून आलं, काही घरातून, आणि वर ही दुखापत. तिन्ही एकाच माणसात.

बहीण : काकांनी लाकूड चोरलं होतं. कोणाला मारलं नव्हतं.

डॉक्टर : मी ‘कुटुंबात गुन्ह्याची पार्श्वभूमी’ एवढंच लिहिलंय.

बहीण : लाकूड कशाला चोरलं, ते लिहिलंय?

डॉक्टर : त्याला रकाना नाही.

बहीण : आजोबांच्या सरणासाठी चोरलं होतं. असू दे. पण मग माझ्यातही तेच रक्त आहे की.

डॉक्टर : असेल. ब्लडप्रेशर घराण्यात असलं म्हणून घरातल्या प्रत्येकाला झटका येत नाही. बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. तुम्ही येरझाऱ्या थांबवाल का? मला गरगरायला लागलंय.

बहीण : आणि त्या पान्याचं काय? तो कोल्ड स्टोरेजच्या हत्यारांच्या खोलीत गेला, वहीत स्वतःचं नाव लिहून पाइप पाना घेतला. चार दहाला. मुकादमाच्या डोक्यात दोनदा घातला. मग पाना पुसला, परत नेऊन ठेवला, चार चाळीसला पुन्हा सही केली. पोलिसांनी ती वही मला दाखवली. अक्षरसुद्धा हललेलं नाही त्याचं.

डॉक्टर : तेच तर मी मांडलंय. ज्याला लपवायचंय तो वहीत सही करेल? हा पूर्वनियोजित गुन्हा वाटत नाही. मेंदूतला तो भाग नीट चालत नसला, की माणूस असा वागतो.

बहीण : किंवा लहानपणी वस्तू जागेवर ठेवली नाही म्हणून मार खाल्लेला माणूस असा वागतो.

डॉक्टर : तेही असेल. सही करताय ना?

बहीण : केली तर काय होईल?

डॉक्टर : निकाल मी देत नाही. पण तुमच्या वकिलांचा अंदाज असा, की अहवाल मानला गेला तर उपचारगृह. चार-पाच वर्षं, खिडकीला गज असतात पण बाग आहे. नाही मानला तर तुरुंग. दहा, बारा. तिथे अशा पोरांचं काय होतं ते मी सत्तावीस वर्षं बघतोय.

बहीण : मी गेल्या आठवड्यात मुकादमाला बघून आले. त्याला शब्द सापडत नाहीत आता. पाणी हवं असलं की दाराकडे बोट दाखवतो. बायको बिचारी दार उघडते, दार लावते. हाकलून देईल वाटलं होतं, तर तिने मला स्टूल दिलं आणि एकच विचारलं, का केलं हो त्याने? मी म्हटलं, आम्हालाही माहीत नाही. कोर्टात कळेल.

डॉक्टर : कळेलच.

बहीण : हे कळेल. टाकीवरून पडला होता म्हणून.

डॉक्टर : अहो, यात खोटं काय आहे?

बहीण : जरा इकडे या. दिवा लावा तो. हे केस बाजूला केले, इथे. बोट लावा. लावा हो, दुखत नाही.

डॉक्टर : ही जुनी खूण आहे.

बहीण : एकवीस वर्षांपूर्वीची. टाके किती ते मला आज तुमच्या कागदावरून कळलं. आई कायम म्हणायची, किरकोळ खोक पडली होती.

डॉक्टर : म्हणजे तुम्ही दोघंही पडलात?

बहीण : टाकी एक, शिडी एक, पडणारंही एकच. मी. तो तेव्हा पाच वर्षांचा होता.

डॉक्टर : शक्य नाही. स्कॅनमध्ये दिसतंय. ही बघा फिल्म, उजेडावर धरतो. डावीकडे, पुढे, हा फिकट डाग.

बहीण : मला सगळंच फिकट दिसतंय.

डॉक्टर : तुम्हाला सवय नाही.

बहीण : तुम्हाला पहिल्याच वेळी दिसला होता?

डॉक्टर : स्कॅन बघणाऱ्यांनी आधी ‘विशेष काही नाही’ असं कळवलं होतं. मग मी त्यांना दुखापतीचा इतिहास पाठवला आणि पुन्हा बघायला सांगितलं. तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘डाव्या बाजूला जुन्या इजेची शक्यता’. ही नेहमीची पद्धत आहे. कुठे बघायचं ते माहीत असलं की दिसतं.

बहीण : मी वजनकाटे तपासते, डॉक्टर. दुकानांचे, गिरण्यांचे, गोदामांचे. आमच्याकडे पारड्यात किती वजन ठेवलंय ते काटा वाचणाऱ्याला सांगत नाहीत. तो पाठमोरा उभा असतो, वजन ठेवून झालं की वळतो. आधी सांगितलं ना, की काटा बरोबर तिथेच दिसतो. माणूस खोटं बोलत नसतो हो. त्याला खरंच तिथे दिसतो.

डॉक्टर : हा काटा नाही. मेंदू आहे.

बहीण : मेंदू त्याचा आहे. बघणारा डोळा तुमचाच ना?

डॉक्टर : तुम्ही काय करताय ते कळतंय का तुम्हाला? तो सख्खा भाऊ आहे तुमचा. मी हा कागद फाडला तर त्याच्या बाजूने उरलं काय? वहीतल्या दोन सह्या.

बहीण : कळतंय. म्हणून तर बसवत नाहीये. सकाळी येताना ठरवलं होतं, आई जे म्हणेल त्यावर मुकाट सही करायची. ती बसमध्ये तीनदा म्हणाली, जास्त बोलू नकोस, दाखवतील तिथे सही कर. मला वाटलं, बाबांची लाज वाटतेय तिला.

डॉक्टर : मग करा की. मला तुम्ही काही सांगितलं नाहीत, मी काही बघितलं नाही.

बहीण : खरंच असं कराल तुम्ही?

डॉक्टर : नाही. पण क्षणभर वाटलं खरं. दरवेळी कोर्टात उभं राहून मी कारण सांगतो आणि दरवेळी कोणीतरी मान हलवतं. एवढं नीट जुळून आलेलं प्रकरण फार दिवसांत मिळालं नव्हतं.

बहीण : रविवारी त्याला भेटायला गेले होते. जाळीपलीकडे बसून सारखा डोकं चाचपत होता. म्हटलं, उवा झाल्या काय रे? तर म्हणाला, ताई, वकीलसाहेब म्हणतात मी लहानपणी पडलो होतो, खूण कुठे आहे बघतोय. सापडतच नाही. तू बघितली होतीस का?

डॉक्टर : तुम्ही काय सांगितलंत?

बहीण : तेव्हा मला काही कळेना. म्हटलं, आईला विचारते. त्याला बरं वाटत होतं हो. आपल्या डोक्यात काहीतरी मोडलेलं आहे, या विचाराने चेहरा हलका झाला होता त्याचा.

डॉक्टर : मला एक सांगा. वडील एक, घर एक, रक्त एक, आणि डोक्याला मार बसला तुम्हाला. तुम्ही कधी कोणावर हात उगारलात?

बहीण : एकदा मैत्रिणीला छत्री मारली होती.

डॉक्टर : मग तो का? तुम्ही का नाही? थट्टा नाही करत. मला खरंच विचारायचंय.

बहीण : मी पडले त्यानंतर बाबांनी मला कधी हात लावला नाही. दवाखान्यात त्यांना सांगितलं होतं, पुन्हा डोक्याला लागलं तर पोरगी जाईल. घाबरले. मला ओलांडून जायचे. पण पट्टा काही खुंटीवर टांगला नाही. आधी दोघांत वाटला जायचा तो मार, नंतर सगळा त्याच्या एकट्याच्या वाट्याला गेला. मी पलंगावर पडून मोजायचे. आपल्याला लागत नाहीये याचं बरं वाटायचं मला. हे लिहा. यावर मी सही करते.

डॉक्टर : हे फिल्ममध्ये दिसत नाही.

बहीण : नसेल दिसत.

डॉक्टर : आणि नुसत्या माराच्या जोरावर उपचारगृह मिळत नाही. मार खाऊन मोठी झालेली आणि कोणालाही न मारणारी माणसं सरकारी वकील रांगेने उभी करतील. न्यायाधीशांनी मनावर घेतलं तर वर्ष-दोन वर्षं कमी होतील. तेही नक्की नाही.

बहीण : बरं.

डॉक्टर : बरं काय? दहा वर्षं आहेत ती.

बहीण : माहीत आहे मला. पुन्हा पुन्हा सांगू नका.

(दार ढकलून आई आत येते. हातात दोघींच्या पिशव्या.)

आई : झाली का सही? ती टायपिस्ट बाई दोनदा विचारून गेली.

बहीण : आई, अकरा टाके होते?

आई : वाचत बसलीस होय. सांगितलं होतं तुला.

बहीण : भिंत कोणत्या रंगाची होती?

आई : हिरवी. खालून अर्धी हिरवी, वर पांढरी.

बहीण : मला कधी बोलली नाहीस.

आई : काय बोलायचं? जेवायला हाक मीच मारली होती. तू वळून बघितलंस आणि हात सुटला. ते तुला रोज सांगत बसू? बरी झालीस. शाळेत गेलीस, नोकरीला लागलीस. तुझं ते नुसतं पडून होतं माझ्याजवळ. म्हटलं, त्याच्या तरी कामी येईल.

डॉक्टर : बाई, तुम्ही मला खोटं सांगितलंत.

आई : एक शब्द खोटा नाही, डॉक्टरसाहेब. दोन रात्री मी खाली फरशीवर बसून होते. नाकाशी बोट धरून श्वास बघत होते. अकरा टाके घालताना मोजले. फक्त पोर बदललं.

बहीण : तो तिकडे डोक्यात खूण शोधतोय, आई.

आई : काय?

बहीण : तुरुंगात. बोटांनी. सापडत नाही म्हणून मला विचारतो.

आई : मला नव्हतं माहीत. मला वाटलं, कागदापुरतं राहील.

डॉक्टर : हॅलो, टायपिंग? मी बोलतोय. शेवटचं पान थांबवा. नाही, सगळंच थांबवा. कोर्टात पत्र पाठवा, आठ दिवसांची मुदत हवी म्हणून. कारण? लिहा, ‘तपासणाऱ्याची चूक’. हो, असंच लिहा. खाली माझं नाव.

आई : म्हणजे आता तो सुटत नाही का?

डॉक्टर : आधीही सुटणार नव्हता. बसा, बाई. हा कोरा कागद. पुन्हा पहिल्यापासून सांगा. पट्ट्याचं सांगा, शिडीचं सांगा, त्यानंतर घरात काय काय बदललं ते सांगा. आणि ताई, तुम्ही आता बाहेर थांबायचं. या वेळी नियमाने करू.

आई : कोणापासून सुरू करू?

बहीण : माझ्यापासून कर. तेवढं ऐकते, मग जाते बाहेर.