आईचा न हसलेला फोटो

फोटोंचा विषय काढलाच आहेस, तर माझा शहाणपणा ऐक. ड्रेस्डेनला आमच्या वरच्या मजल्यावर युको राहायची, जपानी फोटोग्राफर. अजून फिल्मवर फोटो काढणारी. आई तीन महिने आली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी मागच्या अंगणात मटार सोलत खिदळायच्या. एकदा ऑफिसातून आलो, तर युको आईचा फोटो काढत होती. मी अस्सल जर्मनासारखं विचारलं, "लेखी परवानगी घेतलीस?"

माझ्या आवाजावरूनच ओळखून आई म्हणाली, "अरे, मीच खूण केली तिला, काढ म्हणून."

"तू थांब गं. उद्या प्रदर्शनात टांगेल तुला."

युकोने वाद घातला नाही. चार दिवसांनी फिल्म धुऊन खाली आली आणि आईची निगेटिव्ह माझ्यासमोर कात्रीने कापली. "हसताना छान आल्या होत्या," एवढंच म्हणाली. वर मी तिला डांके म्हणून आभारही मानले!

पुढच्या वर्षी आई गेली. हार घालायला फोटो शोधला, तर माझ्या मोबाइलमध्ये ती सगळीकडे अर्धी, कुणाच्या तरी मागे. शेवटी व्हिसाचा लावला. त्यात हसायला परवानगी नसते.